जुन्या युनिकॉर्नला नवे टायर, नाशिकच्या द्वारकेजवळचं दुकान आणि तारखेची भानगड

गाडी होंडा युनिकॉर्न, २००७ ची, आऱ्यांच्या रिमवाली, ट्यूबचे टायर. साइझ पुढे २.७५-१८ आणि मागे १००/९०-१८. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, मालकालाच विचारलं होतं की नेटवर टाकू का, तर म्हणाले नका टाकू, आहे तेवढ्या गर्दीला पोरं पुरत नाहीत. द्वारकेहून मुंबई नाक्याकडे निघालात की डाव्या हाताला, बाहेर टायरच्या थप्प्या नाहीत असं एकच टायरचं दुकान आहे, तेच. थप्प्या बाहेर का नाहीत ते पुढे येईल, कारण मला हे दुकान आवडायचं अर्धं कारण तेच आहे.

मागचा टायर पार गोटा झाला होता, त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. दुचाकीला नक्षी कमीत कमी ०.८ मिमी राहिली पाहिजे असा नियम आहे, माझ्या मागच्या टायरवर मधोमध नक्षी होती हेच आठवून सांगावं लागलं असतं. खरा प्रश्न पुढच्याचा होता. पुढच्यावर नक्षी मजबूत शिल्लक, लांबून बघणारा म्हणेल कशाला बदलतो, अजून दोन वर्षं जाईल. पण बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या आणि नख रोवलं तर रबर दबतच नाही, टणक. जुन्या गाड्यांचं हेच असतं, गाडी फिरते कमी आणि उन्हात उभी राहते जास्त, त्यामुळे टायर झिजून मरत नाही, वाळून मरतो. आणि झिजलेला टायर निदान दिसतो तरी, वाळलेला दिसत नाही, तो कळतो पहिल्या पावसात मायको सर्कलला सिग्नलवर ब्रेक दाबला आणि झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक सुळकन सरकलं की. त्यात सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठं खडी, कुठं बारीक वाळू, कुठं डंपरनं सांडलेली माती आणि त्यावर पाऊस. अशात पुढचा टायर टणक घेऊन फिरणं म्हणजे रोजचा जुगार आहे.

आता दुकानांचं. आधी गेलो होतो दुसऱ्या एका ठिकाणी, कुठल्या ते राहू दे. तिथं टायर बाहेर फुटपाथवर रचलेले, ऊन डायरेक्ट त्यावर, आणि वरून काळं पॉलिश मारून चकाचक केलेले. मी तारीख बघायला टायर फिरवायला लागलो तर तिथला माणूस म्हणतो, "भाऊ कंपनीचा माल आहे, रबराला काय होतंय." तारीख निघाली चार वर्षांपूर्वीची. भाव मात्र आजचा. विचारलं की याला काही कमी करा तर म्हणे नवीन आहे, वापरलेला नाहीये. तिथून निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २३२४ लिहिलं असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनच्या सुरुवातीचा टायर. हे एकाच बाजूला असतं बऱ्याचदा, म्हणून टायर उलटा करून बघायचा, एका बाजूला दिसलं नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. सहा-आठ महिन्यांचा मिळाला तर उत्तम, वर्षभराचा आत सावलीत ठेवलेला असेल तर तोही बिनधास्त घ्या, पण दोन-तीन वर्षं उन्हात पडलेला टायर कुठल्याही कंपनीचा असो, मी तरी घेणार नाही. जुन्या गाडीला तर अजिबात नाही, कारण आपण तो टायर झिजेपर्यंत पाच-सहा वर्षं वापरणार असतो, मग सुरुवातच तीन वर्षांच्या टायरनं कशाला करायची.

द्वारकेच्या दुकानात सगळा माल आत, पोटमाळ्यावर, आणि शटरच्या आत ऊन येणार नाही अशा बाजूला. मालक साठीचे असतील, सगळे चाचा म्हणतात. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पोराला सांगितलं की दोन-तीन काढून आण आणि भाऊला आकडे दाखव. मला हेच पाहिजे होतं. आधी तारीख, मग साइझ, मग कंपनी, या क्रमानं बोलणारा टायरवाला नाशिकमध्ये मला तरी पहिल्यांदा भेटला. बाकी ठिकाणी पहिला प्रश्न असतो "बजेट काय?"

साइझबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. १००/९०-१८ म्हणजे रुंदी १०० मिमी, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, आणि रिम १८ इंची. त्याच्यापुढं ५६पी असं असतं, त्यातला ५६ म्हणजे वजन झेपायचा आकडा, २२४ किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंतचा वेग. पुढच्या २.७५-१८ वर ४२पी, म्हणजे १५० किलो. वेगाचं अक्षर युनिकॉर्नवाल्यानं फार बघायची गरज नाही, आपल्याला कुठं १५० नं जायचंय, पण वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली घेऊ नका, खास करून मागं बायको-पोरं किंवा दुधाचे कॅन असतील तर.

२.७५-१८ आणि ८०/१००-१८ हे एकमेकांच्या जागी चालतात, स्प्लेंडरवाल्यांना हे माहीत असेल कारण जुन्या स्प्लेंडरला पहिला यायचा आणि नंतरच्यांना दुसरा येतो. फक्त ८०/१०० किंचित उंच बसतो. आमच्या युनिकॉर्नला स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे पुढचा टायर उंच झाला की काटा एक-दोन टक्के कमी दाखवणार. मोठी गोष्ट नाही, पण माहीत असावं.

मोठी गोष्ट म्हणजे "मागं जाड टाकू का". दुकानात माझ्यासमोरच एक पोरगा आला होता जुनी गाडी घेऊन, त्याला मागं १२०/८० पाहिजे होता, भारी दिसतं म्हणून. चाचांनी त्याला वाकायला लावलं आणि चेनकव्हर आणि टायरच्या मध्ये बोट घालायला सांगितलं, जेमतेम करंगळी गेली. म्हणाले, "आता यात अजून २० मिलीमीटर कुठं बसवशील ते तूच सांग." पोरगा तरी हट्ट सोडेना, चाचांनी सरळ सांगितलं दुसरीकडून बसवून घे. आणि घासायचं सोडा, जुन्या गाडीची रिम मुळात अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि तो मधून फुगतो, मग रस्त्याला टेकतो तो मधला पट्टाच. म्हणजे पैसे जाड टायरचे आणि पकड मूळच्यापेक्षा कमी, वर गाडी वळायला जड आणि अॅव्हरेज खाली. कंपनीनं दिलेला साइझ सोडायचा असेल तर एक पायरी, त्याच्यावर नाही, आणि माझं मत विचाराल तर तीही नको.

ट्यूबलेसचंही असंच. आऱ्यांच्या रिममध्ये प्रत्येक आऱ्याचं भोक आहे, हवा राहणार कशी. बाहेर काही जण आतून सिलिकॉन आणि टेप लावून करून देतात, मी ऐकलंय चालतं म्हणून, मला कसारा घाटात त्याचा प्रयोग करायचा नाही. आणि बऱ्याच टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असतं तरी आत ट्यूब टाकून बसवता येतात, त्यानं गाडीला काही होत नाही, पण पंक्चर झालं की हवा ट्यूबच्याच गतीनं जाणार, ट्यूबलेसचा फायदा मिळणार नाही हे डोक्यात ठेवा. टायरवर ट्यूबलेस लिहिलंय म्हणून दुकानदार जास्तीचे पैसे सांगायला लागला तर आऱ्यांच्या रिमवाल्यानं ते का द्यायचे?

कंपनी कुठली, तर माझ्यासमोर तीन पर्याय होते. सिएटचा झूम, एमआरएफचा झॅपर आणि मिशेलिन. सिएटचा सातपूरला कारखाना असल्यामुळं आमच्याकडं अर्ध्या लोकांचं म्हणणं असतं की घरचाच टायर घ्या, ताजा मिळेल, म्हणजे सातपूरमधून निघाला आणि सरळ द्वारकेला आला. चाचा हसायला लागले, म्हणे माल डेपोतून येतो, कारखान्यातून भाजीसारखा नाही येत, तारीख याच्यावरही बघावीच लागते. मिशेलिन पावसात चांगला चालतो असं वापरणारे दोघं-तिघं मित्र सांगतात आणि मला त्यावर विश्वास आहे, पण माझ्या मागच्या साइझमध्ये तो मागवून घ्यावा लागणार होता. हे १८ इंचवाल्यांचं कायमचं दुखणं आहे. स्प्लेंडर अजून १८ इंचावर आहे म्हणून बारीक साइझचे टायर ढिगानं मिळतात, पण दीडशे सीसीच्या गाड्या बहुतेक १७ वर गेल्या, त्यामुळं १००/९०-१८ मध्ये निवडायला कमी मिळतं आणि जो असतो तो बऱ्याचदा पडून राहिलेला असतो. म्हणजे जी साइझ कमी खपते तिची तारीख दुप्पट काळजीनं बघायची.

शेवटी झॅपर घेतला, पुढं-मागं दोन्ही. खरं कारण सांगू का, दोन्हीची तारीख चार महिन्यांच्या आतली होती. झूमची मागच्या साइझमधली तारीख ताजी असती तर तो घेतला असता आणि आज तोच चांगला आहे म्हणून लिहीत बसलो असतो. कम्युटर गाडीच्या टायरमध्ये चांगल्या कंपन्यांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो, ताज्या आणि शिळ्या टायरमध्ये असतो.

आता बसवणं. इथं मी स्टूल घेऊन शेजारीच बसलो आणि तुम्हीही बसा, चहा प्यायला जाऊ नका. पोरगा विशीचा, हात एकदम साफ. मागचं चाक काढल्यावर आधी त्यानं ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ ओल्या फडक्यानं पुसली, फुंकली नाही, हे मला आवडलं. मग मला ड्रम रबर दाखवले, हबच्या आत स्प्रॉकेटचे झटके खाणारे रबराचे तुकडे असतात ते, पार चेपलेले. गिअर टाकल्यावर मागून खट्ट आवाज यायचा तो चेनचा म्हणून मी दोन मेकॅनिकना पैसे दिले होते, तो यांचा निघाला. शंभर-दीडशेचा सेट, समोरच्या स्पेअर पार्टवाल्याकडनं आणला, लगेच टाकला.

जुना टायर काढून रिम उघडी पडली तेव्हा आत गंज. रिमटेप म्हणजे ट्यूब आणि आऱ्यांच्या टोकांच्या मध्ये जी रबराची पट्टी असते ती एका जागी तुटून सरकलेली आणि तिथं एका आऱ्याचं टोक वर आलेलं. पोरानं त्यावरून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून माझ्याकडनंही फिरवून घेतलं, टोचतंय की नाही बघा म्हणून. नवीन ट्यूब त्यावर टाकली असती तर महिनाभरात पंक्चर आणि मी टायरला शिव्या घातल्या असत्या. त्यानं टोक कानशीनं घासून सपाट केलं, गंज लोखंडी ब्रशनं काढला, रिम फिरवून आउट म्हणजे वाकडी आहे का बघितली, दोन आरे आवळले, नवी रिमटेप टाकली. मग ट्यूबला पावडर चोपडली, टायरच्या कडांना साबणाचं पाणी ब्रशनं, आणि दोन टॉमीवर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्यांवर, टायर चढला. शेवटचा भाग चढवताना ट्यूब टॉमीत चिमटायची भीती असते, त्यानं ट्यूबमध्ये थोडी हवा आधीच भरून ठेवली होती म्हणजे ती आत गोल राहते.

टायर चढल्यावर हवा भरली, चाक दोन-तीनदा जमिनीवर आपटलं, सगळी हवा सोडली आणि परत भरली. मी विचारलं कशाला, तर ट्यूब आत घडी पडली असेल तर सुटते. नंतर रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडून सारखी दिसतेय का हे चाक फिरवून बघितलं. एका बाजूला रेघ आत गेली होती, हवा सोडून परत साबण लावून परत बसवली. ही रेघ तुम्हीही बघा, टायर वाकडा बसला की गाडी पन्नासला थरथरते आणि आपण बेअरिंग बदलत बसतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तोही बघा, घाईत उलटा बसवणारे आहेत. चाक परत लावताना चेन ताणायच्या दोन्ही बाजूच्या खुणा त्यानं मोजून सारख्या केल्या.

खर्च म्हणाल तर पुढचा टायर दीड हजाराच्या वर थोडा, मागचा अडीच हजाराच्या आतबाहेर, ट्यूब, रिमटेप, ड्रम रबर आणि मजुरी धरून पाच हजाराच्या आसपास गेलं सगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा कुणी जुनाच भाव सांगायला लागला तर पक्कं बिल मागा. बिल तसंही घ्याच, टायरला पुढं फुगा आला तर कंपनीकडं दाखवायला तेच लागतं. आणि इथंच माझी या दुकानाबद्दल पहिली तक्रार, चाचा बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. मागितलं की लगेच देतात, कटकट नाही, पण मागावं लागतं. दुसरी तक्रार, गाडी लावायला जागा शून्य, सर्व्हिस रोडवर रिक्षांच्या मध्ये घुसवावी लागते आणि चाक काढलेली गाडी तिथं उभी असताना प्रत्येक रिक्षावाला हॉर्न मारून जातो. तिसरी, वेळ लागतो. दोन चाकांना पावणेदोन तास लागले, मला चाललं, घाईवाल्याला चालणार नाही.

ऑनलाइनही भाव बघितला होता, दोन-अडीचशे स्वस्त. पण तारीख विचारायची सोय नाही, आणि असा टायर हातात घेऊन दुकानात गेलं की बसवणारा तोंड वाकडं करून जास्त मजुरी लावतो, त्याचंही चूक म्हणवत नाही. रिमच्या आत बघायची तसदी तो घेईल असंही वाटत नाही. आणि नक्षी कोरून दिलेले जुने टायर भंगारवाल्यांकडं पाचशेला मिळतात, त्यांच्याकडं बघूही नका, आतलं कापड दिसेपर्यंत कोरलेलं असतं.

चालवायला कसंय. पहिले शंभर-दीडशे किमी सांभाळून, नवीन टायरवर चिकट-बुळबुळीत थर असतो, तो झिजेपर्यंत वळणावर गाडी फार झुकवायची नाही. मी ते गंगापूर रोडला आरामात काढले. त्यानंतर त्र्यंबकला जाऊन आलो भर पावसात, आणि फरक म्हणजे काय, पुढचा ब्रेक दाबायचा धीर परत आला. आधी ओल्या रस्त्यावर मी नकळत फक्त मागचा ब्रेक मारायला लागलो होतो. पेठ रोडच्या घाटातही वळणावर गाडी बोट दाखवू तिकडं जाते. खड्ड्यात झटका कमी लागतो, त्यात टायरचा वाटा किती आणि नव्या ड्रम रबरचा किती ते मला वेगळं करता येणार नाही. वेगात वाकवून चालवायची हौस असेल तर हा टायर त्यासाठी नाही, आणि युनिकॉर्नही नाही. किती टिकतो ते आत्ता सांगणं खोटं होईल.

हवेचं मात्र लक्ष ठेवा. माझ्या गाडीत पुढं २५ आणि मागं एकटा असलो की २९, डबलसीटला त्याच्यावर, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा सवयीनं सगळ्यांना सारखीच मारतो, त्याला आकडा सांगा. ट्यूबची हवा दहा-पंधरा दिवसात उतरतेच, नवी असली तरी.

चाचांकडं जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा. दुपारी दीड ते तीन दुकान उघडं दिसतं पण पोरं जेवायला गेलेली असतात आणि चाचा एकटे बसलेले असतात, ते तारीख दाखवतील, टायर राखूनही ठेवतील, पण चाक खोलणार नाहीत. आणि पावसाळ्याच्या तोंडाला तर जाऊच नका, जूनच्या पहिल्या आठवड्यात अख्ख्या नाशिकला एकदमच आठवतं की आपला टायर गोटा झालाय.